आठवा वस्तरा

मला फक्त भिंतीवर एक काचेची पेटी लावायची होती. माणसाने सत्तावन्नाव्या वर्षी आपल्या बैठकीच्या खोलीत एक पेटी लावावी, यात कुणाला खुपण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. आजही वाटत नाही. पण हल्ली भिंतीला खिळा मारायचा म्हटलं तरी मी आधी बसून पाणी पितो.

पेटीत ठेवायचे होते वस्तरे. जुन्या पद्धतीचे, मुठीत मिटणारे, दाढीचे. एकूण आठ. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात तर एक जण दुसऱ्यांची पेनं जमवतो. मी वस्तरे जमवतो. हे ऐकून समोरच्याला वाटतं, गडी छातीचा दिसतो. म्हणून खरं काय ते सांगून टाकतो. मी वस्तऱ्याला भितो. उघडं पातं दिसलं की माझी मान आपोआप खांद्यांत जाते. मी स्वतः विजेच्या मशीनने दाढी करतो, तीही इतक्या लांबून की दाढी केली आहे हे लोकांना तोंडाने सांगावं लागतं. महिन्यातून एकदा वस्तऱ्यांना तेल लावतो, तेव्हा बायकोने घरात असलं पाहिजे अशी माझी अट आहे. मग जमवतोस कशाला, असं कुणीही विचारील. पण मला हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता, आणि मी तर स्वतःला अजिबातच विचारला नव्हता.

सुताराने पेटी झकास केली. आत निळी मखमल, आठ खाचा, वर काच. सोफ्याच्या बरोबर समोर लावली. त्याच संध्याकाळी समोरच्या दारातले कोर्टकाका शिडी मागायला आले. कोर्टकाका म्हणजे कोर्टातले निवृत्त पेशकार. नऊ वर्षं झाली निवृत्त होऊन, पण अजूनही त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे एखादं कलम दबा धरून बसलेलं असतं.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"वस्तरे. माझा संग्रह."

"कुलूप?"

"कुलूप नाही. काच आहे."

ते सोफ्यावर टेकले. पेटीकडे बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे त्याहून जास्त वेळ बघितलं.

"नोंद केलीय?"

"कसली नोंद?"

"असं बघा, एक असता तर दाढीचं साहित्य म्हणता आलं असतं. आठ म्हणजे साठा."

साठा! इतकी वर्षं मी ज्याला संग्रह म्हणत होतो तो एका शब्दात साठा झाला. 

"उद्या आसपास कुठे काही झालं," काका म्हणाले, "मी होईल म्हणत नाही, पण झालंच, तर पहिलं दार कुणाचं वाजेल? त्यापेक्षा आपण होऊन जावं. आपण होऊन गेलेल्या माणसाकडे कायदा वेगळ्या नजरेने बघतो."

वेगळ्या म्हणजे कुठल्या, हे त्यांनी सांगितलं नाही. शिडी घेऊन गेले.

बायको ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करते. सगळं शांतपणे ऐकून ती म्हणाली, "कुणी विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर गप्प बसा." सल्ला उत्तम होता. पण घाबरलेल्या माणसाला सोपा सल्ला पटत नाही, त्याच्या भीतीचा त्यात अपमान होतो. पुढचे तीन दिवस जिन्यात बूट वाजले की मी पेटीसमोर जाऊन उभा राहायचो, म्हणजे ती दिसू नये. एकदा त्यात कुरियरवाल्याने बेल वाजवली आणि दार उघडायला मी जागचा हललोच नाही. चौथ्या दिवशी अर्ज लिहिला आणि पोलीस चौकीत गेलो.

चौकीत टेबलामागे एक हवालदार वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते.

"माझ्याकडे आठ वस्तरे आहेत," मी म्हणालो.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "आत्ता?"

"नाही, घरी."

"घरी कोण असतं?"

"बायको."

"त्या बऱ्या आहेत ना?" ते खुर्चीतून उठलेच.

मी घाईघाईने अर्ज पुढे केला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, काय करावं न सुचून त्यावर शिक्का मारला आणि मला आत इन्स्पेक्टर मॅडमपुढे उभं केलं. मॅडम भल्या बाई होत्या. अर्ज वाचून म्हणाल्या, "काका, याला काही परवाना-बिरवाना लागत नाही. जा घरी, दाढ्या करा."

माझा जीव भांड्यात पडला. मी दारापर्यंत पोचलोही होतो. तेवढ्यात हवालदार हळूच म्हणाले, "मॅडम, पण याला आवक क्रमांक पडलाय."



"कुणी टाकला?"

"मीच. ते कागद घेऊन आले, माझा हात शिक्क्यावरच होता."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. सरकारी कार्यालयात माझी स्वतःची तीस वर्षं गेली असल्यामुळे त्यांना काय वाटत असेल हे मला चांगलं कळलं. आत आलेला कागद नुसता घरी जात नाही. त्याला काहीतरी करून बाहेर काढावं लागतं. शेवटी एक छापील तक्ता निघाला. तो खरा बेवारस सापडलेल्या जिनसांसाठी होता, पण त्याच्याजवळ जाणारं दुसरं काही नव्हतं. रकाने असे: जिन्नस, वर्णन, कुणाकडून मिळाला, कसा मिळाला, देणाऱ्याची किंवा माहितगाराची सही.

"भरून आणा. पुढच्या गुरुवारी, पाचच्या आत," मॅडम म्हणाल्या. "मी शेरा मारते, विषय संपला."

मी तक्ता घेऊन निघालो तेव्हा हवालदारांनी मला थांबवलं. "कोड्यात एक अडलंय," ते म्हणाले. "आपल्या हाताने ओढवून घेतलेलं संकट. पाच अक्षरं."

मला ते सुचलं नाही. सुचलं असतं तरी सांगितलं नसतं.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर आठही वस्तरे ओळीने मांडले. तक्ता बायकोपुढे ठेवला, कारण तिचं अक्षर छापल्यासारखं आहे. मी सांगायचं, तिने लिहायचं.

"पहिला," ती म्हणाली.

पहिला पिवळसर मुठीचा, मामाचा. मला मिसरूड फुटलं तेव्हा मामाने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाला, आता तू पुरुष झालास. मी तो उघडला, पातं बघितलं, मिटला आणि म्हणालो की मी दाढी ठेवणार आहे. मामा डोळे वटारून बघत राहिला. त्याला परत करायची माझी हिंमत झाली नाही.

दुसरा जुन्या बाजारातला. मी तिथे गजराचं घड्याळ बघायला गेलो होतो. दुकानदार दारासारखा रुंद होता. मी चुकून वस्तऱ्याला बोट लावलं, तो म्हणाला, "घेणार की नुसतं हाताळणार?" मी म्हणालो, घेणार. घड्याळ राहिलंच.

तिसरा आणि चौथा म्हणजे जोडी, आमच्या आधीच्या साहेबांची. साहेबांनी एकदा त्यांच्या आजोबांचे वस्तरे कार्यालयात दाखवायला आणले. सगळे छान म्हणाले. मला पदोन्नतीची काळजी होती म्हणून मी 'अप्रतिम' म्हणालो. निवृत्त होताना त्यांनी ती जोडी सर्वांसमोर मला दिली आणि डोळे पुसले. पदोन्नती दुसऱ्यालाच मिळाली.

पाचव्याची हकीगत मी नेहमी पाहुण्यांना सांगतो, पण जरा वेगळी सांगतो. खरी अशी: दाढ काढायला गेलो होतो. दंतवैद्यांनी चिमटा उचलला तशी मी वेळ काढण्यासाठी हत्यारांविषयी बोलायला सुरुवात केली. पोलाद कुठलं, धार कशी लावतात, पूर्वी काय वापरायचे. वीस मिनिटं बोललो. माणूस इतका खूश झाला की खणातून त्यांच्या घरातला जुना वस्तरा काढून त्यांनी तो मला भेट दिला. मग दाढ काढली.

सहावा सासऱ्यांचा. "हा मला माहीत आहे," बायको म्हणाली.

"तुला अर्धाच माहीत आहे. मी तुला मागणी घालायला आलो तेव्हा ते दाढी करत होते. हातात हा उघडा. मला म्हणाले, 'माझ्या मुलीला सुखात ठेवशील ना?' आणि पातं टॉवेलला पुसलं. लग्नात मला हाच दिला. मी त्याचा अर्थ लावत दोन वर्षं काढली."

"म्हणून तुम्ही पहिली दोन वर्षं इतके चांगले वागत होतात!" ती म्हणाली आणि लिहायचं थांबून मनापासून हसली.

सातवा बसमध्ये मिळाला. शेजारच्याने पिशवी धरायला दिली, म्हणाला, जरा चहा घेऊन येतो. बस सुटली तरी आला नाही. आरडाओरडा करावा तर सगळे बघतील म्हणून मी पिशवी मांडीवर घेऊन तसाच बसलो. घरी येऊन बघितलं तर आत एक टॉवेल आणि वस्तरा. त्यानंतर चार महिने मी त्या मार्गाने बसने गेलो नाही.

बायकोने सात ओळी वाचून काढल्या आणि चष्मा वर सरकवला. "म्हणजे यातला एकही तुम्ही हवासा वाटला म्हणून घेतलेला नाही. प्रत्येक वेळी कुणाला ना कुणाला घाबरून घेतलाय."

मी दुखावलो. माणसाने पस्तीस-चाळीस वर्षं जोपासलेल्या छंदाचा कुणी सात ओळींत असा निकाल लावला तर दुखावणारच. पण उलट उत्तर द्यायला मला त्या सातांत एकही वस्तरा सापडेना.

"आठवा?" ती म्हणाली.

आठवा काळ्या शिंगाच्या मुठीचा. मुठीच्या टोकाला पितळेची टिकली.

"बाबांचा. लिही, वडिलांकडून."

"त्यांनी दिला?"

"घरातच होता."

तिचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण हललं नाही. ग्रंथालयात हरवलेल्या पुस्तकाबद्दल थापा मारणाऱ्यांना ती रोज ऐकते. "कसा मिळाला, असा रकाना आहे," ती म्हणाली.

बत्तीस वर्षांच्या संसारात जे तिला सांगितलं नव्हतं ते मी तेव्हा सांगितलं.

बाबांचे हात थरथरायला लागले होते. तरी ते स्वतःची दाढी स्वतः, याच वस्तऱ्याने करायचे. मी एकोणीस वर्षांचा होतो. एका सकाळी त्यांच्या मानेखालच्या टॉवेलवर रक्त दिसलं. फार नव्हतं, पण मला ते अंगणभर दिसलं. ते तोंड धुवायला गेले तेवढ्यात मी वस्तरा उचलला आणि माझ्या पुस्तकांच्या पेटीत तळाशी ठेवून दिला. वाटलं, संध्याकाळी सांगू. पण त्याच सकाळी घरी उस्ताद येऊन गेले होते.

उस्ताद म्हणजे दर रविवारी आमच्याकडे केस कापायला येणारे गृहस्थ. बाबांचे केस कापता कापता जगभराच्या गोष्टी सांगायचे. दुपारी बाबा वस्तरा शोधू लागले. आमच्याच घरात राहणारे माझे काका म्हणाले, दुसरं कोण आलं होतं घरात? उस्तादांना बोलावून आणलं. बाबा नको नको म्हणत होते, पण काकांनी उस्तादांची धोपटी दारापुढच्या पायरीवर उलटी केली. कात्र्या, कंगवे, तुरटी, तीन वस्तरे. शेजारचे सगळे जमलेले. हा त्यांत नव्हता. "लपवला असेल," काका म्हणाले.  उस्तादांनी खाली बसून एकेक वस्तू गोळा केली आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

"आणि तुम्ही?"

"मी दाराआड होतो."

"बोलला नाहीत?"

"आवाजच फुटला नाही. मग दुसऱ्या दिवशी फार उशीर झाल्यासारखं वाटलं. आणि मग रोज जास्तच उशीर होत गेला."

 बायकोने आठव्या ओळीत 'वस्तरा, काळी मूठ' एवढं लिहून पेनला टोपण लावलं. "पुढचं तुमच्या अक्षरात लिहा," ती म्हणाली.

बाकी सह्या चार दिवसांत झाल्या. मामा नाही म्हणून मामीने केली, दंतवैद्यांनी केली आणि दाढ बघून घेतली. सातव्यावर बायकोने माहितगार म्हणून केली. आठवी ओळ तशीच राहिली. कोर्टकाकांना मी सगळं न सांगता विचारून बघितलं. ते म्हणाले, "अहो, वडिलोपार्जित! एक शब्द लिहा. गेलेला माणूस काय हरकत घेणार आहे?" कायद्याने तो शब्द अगदी चोख होता. मी तीनदा पेन उचललं.

मग ताईला फोन केला. ताई माझ्याहून वर्षाने मोठी. तिला आधी सगळं सांगितलं. 

"उस्तादांची मुलगी कॉलेजात माझ्या वर्गात होती," ताई म्हणाली. "माझ्याच बाकावर बसायची. त्या सोमवारपासून ती मागे जाऊन बसली. मी तिला कधी विचारलं नाही, कारण मला वाटायचं तिच्या वडिलांनी खरंच नेलाय." मग म्हणाली, "ते आहेत अजून. ब्याऐंशीच्या घरात असतील. बस डेपोच्या मागे मुलाचं सलून आहे, दिवसभर तिथेच बसलेले असतात. जा आणि तोंडाने सांग. फोन-बिन करू नकोस."

गुरुवार उजाडला. पाचच्या आत तक्ता द्यायचा होता. चार दिवस मला दाढीही सुचली नव्हती, त्यामुळे तोंडावर पांढरे खुंट वाढलेले. वस्तरा रुमालात गुंडाळून खिशात घातला आणि कार्यालयात अर्धी रजा टाकून निघालो. डेपोमागच्या त्या सलूनवरून मी एकदा तसाच पुढे गेलो. कोपऱ्यावरून परत आलो तो पुन्हा पुढेच गेलो. तिसऱ्या खेपेला सलूनच्या दारातून एक पन्नाशीचा माणूस, हातात कात्री, म्हणाला, "काका, आत या. दाढीला एवढं काय लाजायचं?"

आत भिंतीशी बाकावर दोन-तीन गिऱ्हाइकं होती, आणि आरशाखालच्या लाकडी खुर्चीत उस्ताद. वाळले होते, पण पाठ ताठ. माझ्याकडे मान वाकडी करून बघू लागले.

"ओळखलंत का?" मी विचारलं.

"चेहरा नाही. पण कान ओळखला," ते म्हणाले. "तुझ्या बापाचे असेच होते. कापताना मधे यायचे. धाकटा ना तू?"

मी पाठ करून आलो होतो. सुरुवात, मध्य, क्षमायाचना, सगळं. त्यातलं काहीच तोंडातून आलं नाही. रुमाल उलगडून वस्तरा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणालो, "मी घेतला होता. त्या दिवशी. मीच."

मुलाची कात्री थांबली. बाकावरच्या एकाने वर्तमानपत्र खाली केलं. उस्तादांनी वस्तरा उचलला, उघडला, उजेडात धरला. मला दाराकडे बघावंसं वाटत होतं, पण मान वळेना.

"गंज नाही चढू दिलास," ते म्हणाले.

"तेल लावतो. दर महिन्याला."

"हं." ते उठले. चामड्याचा पट्टा ओढून घेतला आणि त्यावर वस्तरा घासू लागले. सट्, सट्, सट्. "बस."

"नको उस्ताद, मी फक्त सांगायला..."

"बस म्हटलं ना."

मी बसलो. मुलाने पुढे होऊन "आप्पा, मी करतो," म्हटलं, त्याला त्यांनी नुसत्या बोटाने बाजूला केलं. तोंडाला फेस लागला. खुर्चीची पाठ मागे झाली. माझी मान उघडी, छत दिसतंय, छतावर एक पाल, आणि ज्याला मी अडतीस वर्षं चोर ठरू दिलं तो माणूस त्याच वस्तऱ्यासकट माझ्या गळ्याशी उभा. आयुष्यात भीतीचे बरेच प्रकार पाहिलेत, हा नवीन होता. घाबरून थुंकी गिळावी तर गळा हलेल, आणि गळा हलला तर... मी गिळली नाही. ती तोंडात साठत गेली. मनात बायकोला, ताईला आणि का कोण जाणे त्या इन्स्पेक्टर मॅडमना निरोप देऊन टाकला.

वस्तरा टेकला. थंड. उजव्या कानाखालून हनुवटीपर्यंत एका ओढीत उतरला, जणू लोण्यावरून. ब्याऐंशी वर्षांचा तो हात जरासुद्धा हलला नाही. थरथरत होतो तो मी. उजवा गाल झाला, उजवी मान झाली, ओठाची उजवी बाजू झाली. मग पातं पुसल्याचा आवाज आला, वस्तरा मिटल्याचा आवाज आला, आणि डाव्या गालावर ओला टॉवेल फिरला.

मी डोळे उघडून आरशात बघितलं. उजवी बाजू गुळगुळीत. डावी बाजू चार दिवसांची.

"उस्ताद, ही बाजू..."

"ती उद्या."

"उद्या? अहो, मला आत्ता चौकीत जायचंय! पाचच्या आत!"

"जा की." ते खुर्चीत बसले. आवाज चढला नव्हता. "तुमच्या गल्लीतनं माझा रस्ता होता. दुसरा नव्हता. वर्षभर मी तिथून गेलो आणि प्रत्येक जण माझ्या तोंडाकडे बघायचा. तू एक दिवस जा. कुणी विचारलं तर काय सांगायचं ते तू बघ."

मी बाहेर पडलो. वस्तरा त्यांनी निघताना माझ्या हातात परत दिला होता, तो खिशात टाकला. आधी गालावर रुमाल धरला, पण हात लगेच दुखू लागला. फळवाल्याने विचारलं तेव्हा दाढदुखी म्हणालो. कार्यालयातला पेनं जमवणारा नेमका चौकात भेटला, त्याला म्हणालो मशीन मधेच बंद पडलं. तो म्हणाला, "वस्तरे जमवता ना तुम्ही?"  तिसऱ्याला काय सांगितलं ते आता आठवत नाही, पण ते आधीच्या दोन्हींशी जुळत नव्हतं.

चौकीत हवालदारांनी मला दोन्ही बाजूंनी बघून घेतलं आणि काही न विचारता आत नेलं. त्या न विचारण्यानेच मी खचलो. मॅडमनी तक्ता वाचला. आठव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं, मग नजर माझ्या गालावर थांबली.

"ही ओळ रिकामी आहे."

"मॅडम, तो चोरलेला आहे."

"कुणी चोरला?"

"मी. माझ्याच घरातून. आणि आळ दुसऱ्यावर आला."

मी सगळं सांगितलं, अर्ध्या दाढीसकट. हवालदार दारात उभे राहून ऐकत होते. मॅडमनी पेन उचललं, ठेवलं. "त्यांची काही तक्रार आहे?"

"उद्या कळेल. डावी बाजू झाल्यावर."

त्यांनी हसू दाबलं असावं, पण माझी खात्री नाही. "उद्या पाचच्या आत," त्या म्हणाल्या.

घरी येताना जिन्यात कोर्टकाका भेटले. "हे काय केलंत?" त्यांनी विचारलं. त्यांना मी खरं सांगितलं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना, मग मीटर बघायला आलेल्याला, त्याने तर विचारलंही नव्हतं. एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. बायकोने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि हसता हसता चौकटीला धरून उभी राहिली. मग तिने माझ्या गुळगुळीत गालावरून हात फिरवला. "हात चांगला आहे हो त्यांचा," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तरा घेऊन पुन्हा गेलो. आज बाक भरलेला होता, दोघे उभे होते. उस्ताद वाट बघत होते की काय कोण जाणे, खुर्ची मोकळी होती.

"किती जणांनी विचारलं?"

"नऊ."

"काय सांगितलंस?"

"पहिल्या तिघांना खोटं. बाकीच्यांना खरं."

"आता यांना सांग," त्यांनी बाकाकडे हात केला. "यांच्यातल्या दोघांचे बाप त्या पायरीसमोर उभे होते."

मी सांगितलं. आवाज मांजरासारखा निघत होता, मधेच एकजण "जरा मोठ्याने," म्हणाला, मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी वा वा केलं नाही. ऐकून झाल्यावर एक म्हातारा म्हणाला, "आमचे बाबा म्हणायचेच, उस्ताद तसा नाही." "तेव्हा म्हणायला काय झालं होतं?" उस्ताद त्याच्यावर डाफरले आणि फेस कालवू लागले.

मी मान मागे टाकली. भीती होतीच. डावी बाजू झाली. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, तुरटी फिरवली, मग तक्ता मागून घेतला आणि आठव्या ओळीत माहितगार म्हणून ठसठशीत सही केली.

"उस्ताद," मी म्हणालो, "हा वस्तरा तुम्हीच ठेवा. तुमचाच हक्क आहे त्याच्यावर."

उस्ताद दचकून एक पाऊल मागे सरले. मी त्यांना घाबरलेलं तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

"शहाणाच आहेस!" ते ओरडले. "इतक्या वर्षांनी तो माझ्याच दुकानात सापडायला पाहिजे काय?"

सगळं सलून हसलं. त्यांनी वस्तरा मिटवला, माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात घातला, आपल्या हाताने खिशाचं बटण लावलं आणि बाकाकडे वळून म्हणाले, "सगळ्यांनी बघितलं ना? घेऊन गेला."